पूर येण्याआधी बोला: पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
भारतीय हवामान विभाग, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि राज्यातल्या विद्यापीठांत हवामान बदलावर काम करणारे सर्व शास्त्रज्ञ

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. मोसमी वारे, पर्जन्यछायेचा प्रदेश, नद्यांची खोरी हे नववी-दहावीच्या मुलांना समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. आज तुमच्याकडे एक मागणी घेऊन लिहितो आहे. अतिवृष्टी आणि पुराबद्दल तुम्हाला जे कळलं आहे, ते तुम्ही आमच्यापुढे येऊन, मराठीत आणि पूर यायच्या आधी सांगावं. आणि सांगता सांगता धोरणाचा विषय निघाला, की ‘तो आमचा प्रांत नाही’ म्हणून थांबू नये.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, “आयर्विनला किती झालं?” १९२९ साली वाहतुकीला खुला झालेल्या, कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघून इथे माणसं सामान माळ्यावर चढवायचं की नाही, म्हातारीला मिरजेच्या लेकीकडे पाठवायचं की नाही, ते ठरवतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २००५ ला पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं, तेव्हा जुनीजाणती माणसंही हादरली होती. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५५ च्या आसपास पोचलं. हरभट रोडला, गणपती पेठेत काही दुकानांच्या खांबांवर ऑइलपेंटनं मारलेल्या या तीन सालांच्या रेघा दिसतात. आमच्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आहेत. त्यांनी २००५ च्या रेघेच्या हातभर वर मजबूत लोखंडी माळा करून घेतला होता. २०१९ ला त्या माळ्यावरची साखरेची पोती विरघळली. दुकान नव्यानं लावताना त्यांनी मला विचारलं, “सर, पुढची रेघ कुठं येईल?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या पाठ्यपुस्तकात नाही. तुमच्याकडेही ते फुटा-इंचात नसेल. पण ते शोधायचं कसं, कोणत्या गोष्टीवर ते अवलंबून आहे आणि त्यातलं कोणतं माणसाच्या हातात आहे, हे तुम्हाला आमच्यापेक्षा फार जास्त कळतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरलं, घराघरांतला चिखल काढून झाला आणि कारणांचा वाद सुरू झाला. कुणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव घेतलं. कुणी म्हणालं, कोयनेचे दरवाजे वेळेवर उघडले नाहीत. कुणी नदीकाठच्या भरावाकडे आणि पूररेषेतल्या बांधकामांकडे बोट दाखवलं. सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. अलमट्टी आणि कर्नाटकातलाच हिप्परगी बंधारा यांना या पुरासाठी जबाबदार धरता येत नाही, असं त्यात होतं. असाधारण पाऊस आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं ही कारणं मोठी आहेत, असा त्याचा रोख होता. तो अहवाल घेऊन कुणी आमच्या चौकात आलं नाही. त्यातला पावसाचा भाग एखाद्या शास्त्रज्ञानं नकाशा लावून समजावून सांगितला असता, तर लोकांनी वाद घातला असता, शंका काढल्या असत्या आणि निदान एकाच माहितीच्या आधारावर ते भांडले असते. आज चहाच्या गाड्यावर प्रत्येकाचा पूर वेगळा आहे. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायचा कर्नाटकाचा विचार पुन्हा पुढे आला, तेव्हा इथली भीती उसळून वर आली. ही भीती कुणी हलक्यात घेऊ नये. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी राहिलं आहे, त्याला ती बाळगण्याचा हक्क आहे. पण फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा हिशोब शेवटी नदीचा उतार, पात्राची रुंदी, पुलांचे भराव आणि वरून येणारं पाणी यांवरच होणार. त्यातला वरून येणाऱ्या पाण्याचा, म्हणजे उद्याच्या पावसाचा आकडा तुमच्या टेबलावरून जातो.

गेल्या काही वर्षांत या वादात एक नवं कारण आलं आहे, आणि ते तुमच्याच अभ्यासातून आलेलं आहे: हवामान बदल. माझ्या मते नेमक्या याच ठिकाणी तुमचं गप्प राहणं आम्हाला सगळ्यात महाग पडतं. ओढे-नाले बुजवून त्यावर प्लॉट पडतात, सखल भागात भर टाकून वसाहती उभ्या राहतात, पावसाचं पाणी जायला जागा उरत नाही. मग पाणी घरात आलं की वरून उत्तर मिळतं, “काय करणार, हवामानच बदललंय.” ज्याच्यावर कुणाचंच नाव नाही असं कारण सगळ्यांना सोयीचं असतं. तापमानवाढ खरी आहे हे सांगायला तुम्ही पुढे येता, त्याबद्दल आदर आहे. पण तिच्या नावावर दुसऱ्याची चूक खपवली जात असते, तेव्हा ‘थांबा, यातला एवढा वाटा तापमानवाढीचा आणि बाकीचा तुमच्या कारभाराचा’ असं सांगायला कुणी येत नाही. मी सांगितलं तर मास्तर राजकारण करतोय म्हणतात. तुम्ही सांगितलंत तर त्याची नोंद घ्यावी लागते.

तुम्ही जे लिहून ठेवलं आहे ते मी जमेल तसं वाचतो आणि वर्गात सांगतो. समुद्राचं पाणी तापलं की हवेत बाष्प जास्त जातं. हवेचं तापमान एक अंशानं वाढलं की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल तुमच्याच पुण्याच्या संस्थेत तयार झाला. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात साधारण एक अंशानं तापला, असं त्यात आहे. देशातला पावसाळी पाऊस याच काळात सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात ठळक आहे, असंही आहे. त्याच वेळी मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि एका दमात कोसळणारा जास्त, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला वेगळी समजावून सांगायला नको. २०१९ च्या उन्हाळ्यात आटपाडी-जतकडे जनावरं चारा छावणीत बांधलेली होती आणि ऑगस्टमध्ये भिलवडी-ब्रह्मनाळकडे माणसं होडीची वाट बघत छपरावर बसली होती. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात.

पण तो ७५ टक्क्यांचा आकडा मध्य भारताचा आहे. कृष्णेचं वरचं खोरं त्यात येत नाही. आमच्याकडच्या भाषणांतून मात्र तो सर्रास सांगलीच्या पुराला चिकटवला जातो. हे चूक आहे असं तुम्ही सांगायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आमच्या खोऱ्याचा आकडा काय, हे सांगायला हवं. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर, चांदोली या ठिकाणच्या पावसाच्या नोंदी वर्षानुवर्षांच्या आहेत. त्या नोंदी काय बोलतात? बदल स्पष्ट दिसतो, की वर्षावर्षातल्या चढउतारात तो हरवून जातो? दुसरं उत्तर असेल तर तेही चालेल. सातारा जिल्हा तुम्हाला नव्यानं सांगायला नको: महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. जगाचं हवामान मांडणाऱ्या मोठ्या प्रारूपांत शंभर किलोमीटरची एक चौकट धरली, तर महाबळेश्वर आणि माणमधलं दहिवडी एकाच चौकटीत येऊ शकतात. अशा प्रारूपातून ‘साताऱ्याचा पाऊस इतका वाढणार’ असं कुणी सांगितलं, तर ते कोणत्या साताऱ्याबद्दल आहे, हे तुमच्याशिवाय कोण विचारणार? मे २०२५ मध्ये तुमच्या संस्थेनं ६ किलोमीटरच्या चौकटीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू केली. आमच्या तालुक्याला त्याचा काय उपयोग, हे ग्रामपंचायतीत येऊन सांगण्यासारखं आहे.

एखाद्या अतिवृष्टीत तापमानवाढीचा वाटा किती, हे आता काही प्रमाणात काढता येतं. तापमान वाढलं नसतं तर हा पाऊस किती पडला असता, असं संगणकावर मांडून दोन्हींची तुलना करायची. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या, तेव्हा शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं थोड्याच दिवसांत सांगितलं, की तिथला पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्के जास्त तीव्र झाला. याच पद्धतीनं २०१५ च्या चेन्नईच्या पुराचा अभ्यास झाला होता, आणि त्यात तापमानवाढीचा स्पष्ट ठसा सापडला नाही, असं प्रामाणिकपणे लिहिलं गेलं. मला हे दुसरं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. ‘नाही’ म्हणायची तयारी असलेल्या माणसाच्या ‘हो’ला वजन येतं. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. त्या पावसात तापमानवाढीचा वाटा किती आणि उताराची, निचऱ्याची, खोदकामाची बाजू किती, हे आंबेघरच्या माणसाला त्याच्या भाषेत कुणी सांगावं? ढगांचा अभ्यास करणारी तुमची प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरातच आहे. पाटण तिथून लांब नाही.

आता धरणाबद्दल, कारण तुमचं शास्त्र आणि सरकारचं धोरण सगळ्यात जवळ येतं ते इथे. कोयना धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. पावसाळा संपताना ते भरलेलं हवं. त्यावर वीज आहे, आणि उन्हाळ्यात कृष्णेत सोडलेल्या पाण्यावर ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांतून कडेगाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जतचं रान आहे. पुरासाठी जागा ठेवायची म्हटलं, तर जुलै-ऑगस्टमध्ये धरण थोडं रिकामं हवं. म्हणजे जुलैच्या शेवटी धरणावरच्या अभियंत्यापुढे जो प्रश्न असतो, तो खरं तर तुमचा प्रश्न आहे: पुढच्या दहा-पंधरा दिवसांत घाटात मोठा पाऊस येण्याची शक्यता किती? २०१९ चा जून आठवा. देशभर पावसानं ओढ दिली होती. तशा जूननंतर हातातलं पाणी सोडून द्यायला कोण धजावेल? त्यानं पाणी सोडलं आणि पाऊस आला नाही, तर मार्चमध्ये जतचा शेतकरी त्याला विचारणार. सोडलं नाही आणि पाऊस आला, तर ऑगस्टमध्ये सांगली विचारणार. मग दोन्हीकडचा दोष टाळायला तो छापील वेळापत्रकाला धरून राहतो. आधी पायथा वीजगृहातून थोडं, मग सहा वक्र दरवाजे काही फूट, मग आणखी काही फूट. आणि तोवर खाली वारणा नदीही फुगलेली असते.

तुमच्याकडून दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. तो धरणाच्या निर्णयात किती धरला जातो, किती धरायला हवा, तो चुकण्याचं प्रमाण किती आणि तेवढं चुकणं गृहीत धरूनही किती टीएमसी जागा आधी मोकळी ठेवणं शहाणपणाचं ठरेल? हा शास्त्राचा प्रश्न आहे, आणि धोरणाचाही. यात तुम्ही ‘आम्ही फक्त अंदाज देतो, निर्णय जलसंपदा विभागाचा’ म्हणालात, तर निर्णय अंदाजाशिवाय होत राहील. तुम्ही दरवाजे उघडा असा हुकूम द्यावा, असं कुणी म्हणत नाही. ‘साठ टक्के शक्यता असताना इतकी जागा ठेवली तर दहा वर्षांत साधारण इतक्या वेळा पाणी कमी पडेल आणि इतक्या वेळा पूर दोन-तीन फुटांनी उतरेल’ असा हिशोब जलसंपदेच्या अभियंत्यांबरोबर बसून लोकांपुढे ठेवा. मग जतचा माणूस आणि सांगलीचा माणूस समोरासमोर बसून ठरवू शकतील, कुणी किती सोसायचं ते. आज दोघंही अंधारात एकमेकांवर संशय घेतात.

इशाऱ्यांचंही तसंच. तुमचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण सांगलीचा पूर सांगलीत पडलेल्या पावसानं क्वचितच येतो. इथे ऊन पडलेलं असतं, जिल्ह्याला इशारा हिरवा असतो आणि पाणी पायरी-पायरीनं वर येत असतं. कारण पाऊस तिकडे साताऱ्याच्या घाटमाथ्यावर चाललेला असतो. आम्हाला जिल्ह्याचा इशारा नको, खोऱ्याचा हवा. ‘घाटात लाल’ म्हणजे कृष्णाकाठच्या माणसानं काय समजायचं, किती तासांत, हे तुम्ही, केंद्रीय जल आयोग आणि पाटबंधारे खातं यांनी एकत्र एका कागदावर सांगावं.

एकदा पुण्याची एक तरुण संशोधिका आमच्या शाळेत पालकांशी बोलायला आली होती. तिनं आल्या आल्या पडदा लावून चित्रं दाखवली नाहीत. फळ्यावर नदीची एक वाकडी रेघ काढली आणि प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरात पाणी कोणत्या बाजूनं आलं? नदीकडून आलं म्हणणारे निम्मेही नव्हते. बाकीच्यांकडे ते आधी नाल्यातून उलटं आलं होतं, कुणाकडे तर गटारातून, मोरीतून वर आलं होतं. तिनं खडूनं एकेक बाण काढत नेला. शेवटी फळ्यावर आमच्याच वस्तीचा नकाशा तयार झाला. मग तिनं सांगितलं, की घाटातल्या पावसाबद्दल मी बोलू शकते. या बाणांबद्दल तुम्ही महापालिकेकडे नाल्याचा जुना आणि नवा नकाशा मागा. एक पालक उठून म्हणाले, “बाई, स्पष्ट सांगा. घर विकू का?” सभागृह चिडीचूप झालं. तुमच्या घराचं मला सांगता येणार नाही, असं ती म्हणाली. पण जुन्या पावसावरून काढलेला ‘२५ वर्षांतून एकदा’चा पूर पुढच्या काळात २५ वर्षं थांबेलच असं धरून चालू नका, असंही तिनं सांगितलं. लोकांनी ते शांतपणे ऐकलं. पुढच्या महिन्यात त्याच पालकांनी मिळून नाल्याच्या नकाशासाठी माहिती अधिकारात अर्ज केला.

हा पूररेषेचा विषय मला तुमच्याकडून सगळ्यात आधी हवा आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. लोक त्याचा अर्थ असा घेतात, की एकदा येऊन गेला म्हणजे आता पंचवीस वर्षं निर्धास्त. खरा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता. बँकेचं वीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन कुणी निळ्या रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटायच्या आत निदान एकदा पाणी घरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, साधारण ५६ टक्के. लाल रेषेवरसुद्धा ती १८ टक्क्यांच्या आसपास. हा हिशोब दहावीचा मुलगा करू शकतो. प्लॉट विकणारा तो सांगत नाही आणि बँकही विचारत नाही. आणि हे सगळं पाऊस पूर्वीसारखाच राहील असं धरून. आमच्याकडे सोळा वर्षांत तीन मोठे पूर येऊन गेले. पूररेषा आखताना जुन्या नोंदीच धरायच्या, की पुढचा पाऊसही मोजायचा? नव्या वस्त्यांना परवानगी देताना कोणती रेषा मानायची? यावर जाहीरपणे, स्वतःच्या नावानं मत देणं, हे मी शास्त्रज्ञाचं काम मानतो. बांधकाम व्यावसायिक मत देतात, नगरसेवक देतात, मंत्री देतात. पाऊस ज्यांना कळतो तेच तेवढे गप्प का?

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. तुमच्यातले बहुतेक सरकारी नोकर आहेत. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांनुसार सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. पण निव्वळ शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला आणि भाषणाला त्याच नियमांत मोकळीक आहे, आणि मी वर मागितलेलं जवळजवळ सगळं त्या मोकळिकीत बसतं. विद्यापीठांतल्या मंडळींना तर तेवढीही अडचण नसावी. दुसरी भीती चुकण्याची. २०१७ साली बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. त्यांचं पेरलेलं गेलं होतं, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण मला त्यातून उलटा अर्थ दिसतो. अंदाजात ‘शक्यता’ नावाची गोष्ट असते, हे त्यांना कुणी समोर बसून कधी सांगितलंच नव्हतं. ती जागा मग दुसरे भरतात. तासगावात द्राक्षाची फळछाटणी झाली, की शेतकऱ्याच्या मोबाइलवर रोज कुणाकुणाचे अंदाज येऊन पडतात: अमुक तारखेला, अमुक तालुक्यात, नक्की पाऊस. डाऊनी रोगावरची फवारणी आज घ्यायची की उद्या, यावर एकरी हजारो रुपये आणि घड जिरणं-न जिरणं अवलंबून असतं, म्हणून तो ते वाचतो. ती माणसं त्याच्या भाषेत, त्याच्या तालुक्याचं नाव घेऊन बोलतात, फोनही उचलतात. तुमचं पत्रक जास्त खरं असतं, पण ते त्याच्याशी बोलत नाही. तालुक्याच्या पातळीवर सल्ला देणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रं देशभरात सुमारे दोनशे होती, ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. त्या वेळी तुमच्यातले किती जण उघडपणे म्हणाले, की हे चुकतं आहे? शेतकऱ्यांच्या बाजूनं ते तुम्ही म्हणायला हवं होतं, अजूनही म्हणायला हवं.

शास्त्रज्ञानं धोरणाबद्दल बोलू नये म्हणणाऱ्यांना मी परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचं नाव सांगतो. पश्चिम घाटाच्या समितीचा अहवाल त्यांनी २०११ मध्ये दिला. सरकारनं तो दाबून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. निर्णय ग्रामसभांपासून वर जावा आणि अहवाल लोकांच्या भाषेत लोकांकडे जावा, हा त्यांचा आग्रह होता, आणि ते स्वतः वृत्तपत्रांतून मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या मतांशी भांडणारे खूप होते. पण कुणाशी आणि कशावर भांडतो आहोत, हे त्या लोकांना माहीत होतं. पावसाच्या बाबतीत आम्हाला तेवढंही मिळालेलं नाही.

आमच्या बाजूनं मी इतकं सांगू शकतो. आम्हाला शंभर टक्के खात्री नको आहे. शेतकरी आयुष्यभर शक्यतेवरच पेरतो. सत्तर टक्के म्हणजे काय, हे त्याला नीट सांगितलं तर त्याला कळतं. ‘हे अजून समजलेलं नाही’ असं म्हणालात तर कुणी हसणार नाही. अंदाज चुकला तर तो का चुकला, हे आठवड्याभरात येऊन सांगितलंत, तर पुढच्या वेळी विश्वास वाढलेलाच असेल. मोठा पाऊस झाला की चार दिवसांत तुमच्या सहीचं एक पानभर मराठी निवेदन येऊ द्या: काय पडलं, ते किती दुर्मीळ होतं, त्यात तापमानवाढीचा हात किती असू शकतो आणि पाऊस सोडून बाकीचं काय तपासायला हवं.

दरवर्षी पावसाळ्याआधी, साधारण मे महिन्यात, जिल्हाधिकारी कार्यालयात पूरपरिस्थितीची आढावा बैठक होते. होड्या, लाइफ जॅकेट, निवारा केंद्रं, औषधं यांचा हिशोब तिथे होतो. त्या बैठकीला तुमच्यातलं कुणी तरी यावं आणि अभियंत्यांसमोर, महापालिकेच्या अधिकाऱ्यांसमोर खोऱ्याचा आणि पूररेषेचा विषय काढावा, असं मी जिल्हा प्रशासनालाही वेगळं पत्र लिहून सुचवणार आहे. त्याच आठवड्यात एक रविवार आम्हाला द्या. सकाळी कराडला किंवा पाटणला, दुपारी पलूस तालुक्यात नदीकाठच्या एखाद्या गावात, संध्याकाळी सांगलीत. सभागृह, माइक, फळा आणि माणसं जमवणं हे आम्हा शिक्षकांकडे लागलं. तुमच्याबरोबर जलसंपदेतला एखादा अभियंता आला तर फारच चांगलं. कोणता रविवार सोयीचा, ते एप्रिलच्या आत कळवलंत तर परीक्षांच्या वेळापत्रकातून आम्हाला सभागृह मोकळं करून घेता येईल.

आपला,
सांगलीतील एक भूगोल शिक्षक